इंग्लंडमध्ये घर घेताना: ऑफर मान्य झाली, पण घर अजून तुमचं नाही

इंग्लंडमध्ये घर घ्यायला निघालेल्या माणसाने एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. विक्रेत्याने तुमची ऑफर मान्य केली, एजंटने फोनवर अभिनंदन केलं, वेबसाइटवर घराच्या फोटोवर 'सोल्ड'ची पट्टी लागली, तरी त्या दिवशी कायद्याने कोणीही कोणाला बांधलेलं नसतं. आपल्याकडे विसार दिला, पावती हातात आली की सौदा ठरला असं धरून चालतात. मग नोंदणीकृत करार होतो, इंडेक्स टू मिळतो. इथे विसार द्यायचा दिवस येतो तो जवळजवळ शेवटी. १९८९ च्या कायद्यानुसार घराच्या विक्रीचा करार लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सहीचा असावा लागतो. सह्या केलेल्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत विक्रेता ते घर दुसऱ्याला देऊ शकतो, तुम्हीही माघार घेऊ शकता, आणि कारण सांगायचं बंधन कोणावरच नसतं. या अदलाबदलीला 'एक्सचेंज' म्हणतात. ऑफरपासून तिथपर्यंत पोहोचायला तीन-चार महिने सहज लागतात, कधी सहाही.

घर घेताना झोप उडाली असं जे अनेक जण सांगतात, ते याच मधल्या महिन्यांबद्दल असतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न धरून चालू या: एक्सचेंजआधी हे सगळं मोडलं तर आपलं किती जाईल, आणि ते नुकसान आजच कसं कमी करता येईल?

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये प्रक्रिया जवळपास हीच, पण कर वेगळा. स्कॉटलंडची पद्धत आणि कायदा दोन्ही वेगळे आहेत. तिथे घर घेणाऱ्याने तिथल्याच सॉलिसिटरकडे, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाकडे, जावं.

पहिली पायरी भारतात आहे

राइटमूव्ह किंवा झूपला या घरं शोधायच्या वेबसाइट उघडण्याआधी भारतात तुमच्या नावावर काय आहे ते कागदावर लिहून काढा. नवरा-बायको असाल तर दोघांचं.

कारण आहे स्टॅम्प ड्यूटी. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये राहत्या घरावर पहिल्या सव्वा लाख पौंडांपर्यंत शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के आणि अडीच लाख ते ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के असे दर आहेत. पहिलंच घर घेणाऱ्याला सवलत आहे: ३ लाखांपर्यंत शून्य, ३ ते ५ लाखांच्या भागावर ५ टक्के; घर ५ लाखांच्या वरचं असेल तर सवलत नाहीच. आता महत्त्वाचं असं की 'पहिलंच घर' याचा अर्थ जगात कुठेही पहिलं. पुण्यातला फ्लॅट धरला जातो. वडिलांकडून वारसाहक्काने आलेला घराचा हिस्सा धरला जातो. तो फ्लॅट पाच वर्षांपूर्वी विकला असेल तरी तुम्ही पहिल्यांदा घेणारे राहत नाही, ती पात्रता परत मिळत नाही.

दुसरा फटका मोठा आहे. नवं घर घेतल्यावर जगात कुठेही तुमचं आणखी एखादं घर असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर लागतो. ४० हजार पौंड म्हणजे साधारण ५० लाख रुपयांच्या आसपास. पुणे, ठाणे, नाशिकमधला चांगला फ्लॅट ही रेषा केव्हाच ओलांडतो. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या नियमात एकच धरतात, त्यामुळे इथलं घर एकट्याच्या नावावर घेऊन सुटका होत नाही.

आकड्यांत पाहा. घराची किंमत ४ लाख पौंड असेल, तर पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला ५ हजार पौंड कर, साध्या दराने १० हजार, आणि भारतात घर असलेल्याला ३० हजार. त्यातच खरेदीआधीच्या १२ महिन्यांत तुमचं ब्रिटनमधलं वास्तव्य १८३ दिवसांपेक्षा कमी भरत असेल, तर आणखी २ टक्के, म्हणजे ८ हजार. ही रक्कम मॉर्गेजमधून, म्हणजे घरकर्जातून, येत नाही, खिशातून रोख द्यावी लागते. ती उशिरा कळली की डिपॉझिटचंच, म्हणजे किमतीपैकी स्वतः भरायच्या रकमेचंच, गणित कोसळतं.

आपल्या घरांत ही गोष्ट हमखास निसटते, कारण नावं सोयीसाठी टाकलेली असतात. वडिलांनी फ्लॅट घेताना 'पुढे त्रास नको' म्हणून मुलाचं नाव लावलेलं असतं. आजोबांच्या पश्चात गावच्या घराच्या उताऱ्यावर सगळ्या नातवंडांची नावं चढलेली असतात. 'ते काय माझं घर नाही, ते आई-बाबांचं' हे मनाने खरं असलं तरी कागद वेगळं सांगतो. नुसती शेतजमीन यात येत नाही, राहण्याचं घर येतं. ताबा न मिळालेला, बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. करसल्लागाराला आधीच विचारा, त्याची फी वसूल होते.

फ्लॅट विकायचाच असेल किंवा भावाच्या नावाने हक्कसोडपत्र करायचं असेल, तर ते इथल्या घराचा ताबा घेण्याआधी पुरं झालेलं असलं पाहिजे. ५ टक्क्यांच्या जादा कराचा परतावा मिळतो तो मुख्यतः आपलं आधीचं राहतं घर तीन वर्षांच्या आत विकणाऱ्याला. भाड्याने दिलेला गुंतवणुकीचा फ्लॅट नंतर विकला, म्हणून पैसे परत येत नाहीत. पण केवळ हा कर वाचवायला घाईने भारतातली मालमत्ता सोडू नका. तिथला मुद्रांक, भांडवली नफ्यावरचा कर आणि भावंडांमधले संबंध या तिन्हींची किंमत कदाचित जास्त असेल.

पैसे कुठून आले, ते दाखवावं लागतं

२०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांमुळे सॉलिसिटर तुमच्या डिपॉझिटच्या प्रत्येक मोठ्या रकमेचा माग विचारतो. 'बचत आहे' हे उत्तर पुरत नाही. पगारातून साठली असेल तर खात्याचे उतारे, शेअर विकले असतील तर त्याचा हिशेब, आई-वडिलांनी दिली असेल तर त्यांच्या खात्याचे उतारे, त्यांचं ओळखपत्र आणि एक पत्र: ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही. वडिलांनी प्लॉट विकून पैसे दिले असतील, तर त्या खरेदीखताची प्रत लागते. ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. हे आत्ताच करून ठेवा. ऐन एक्सचेंजच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढायला वडिलांना धावपळ करायला लावणं त्यांच्यावर अन्याय आहे.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. भेट म्हणून पाठवलेल्या रकमेत वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वेगळा घेते. तो अंतिम कर नसतो, वडिलांच्या विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण मधले काही महिने ते पैसे अडकून राहतात. ४० लाख पाठवायचे असतील तर आणखी ६ लाख हाताशी लागतील, हे त्यांना आधी सांगा. आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून, किंवा काही भाग मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवला तर हा भार हलका होतो. तुमचे स्वतःचे पैसे एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं) असतील तर सहज येतात. एनआरओमधून (भारतातल्या उत्पन्नाचं खातं) आणायला सीएचं प्रमाणपत्र आणि बँकेची कागदपत्रं लागतात, वर्षाची मर्यादा दहा लाख डॉलर.

रक्कम निदान दोन-तीन महिने आधी इथल्या खात्यात येऊन स्थिरावलेली बरी. रुपयाचा भाव सुधारेल म्हणून शेवटपर्यंत थांबू नका. तेवढ्या फायद्यासाठी पत्करलेली चिंता फार महाग पडते.

मॉर्गेज

आधी 'अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल' घ्या. यात बँक अंदाजे किती कर्ज देईल ते सांगते. हे वचन नसतं, पण याशिवाय बरेच एजंट घर दाखवायलाही नाखूश असतात. कर्ज साधारण वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटींपर्यंत मिळतं. व्हिसावर असलात तरी घर घेता येतं, कायद्याची आडकाठी नाही. अडचण प्रत्येक बँकेच्या नियमांची असते. कुणाला इथे ठरावीक काळ राहिल्याचा पुरावा हवा असतो, कुणाला व्हिसावर ठरावीक महिने शिल्लक हवे असतात, कुणी व्हिसावाल्याकडून २५ टक्के डिपॉझिट मागतं तर कुणी १० वर तयार होतं. परदेशातून आलेली भेट काही बँकांना चालत नाही. म्हणून सगळ्या बाजारातल्या बँका पाहणारा आणि व्हिसावाल्यांची कामं नेहमी करणारा ब्रोकर गाठा. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथेच अर्ज करायचा, ही सवय इथे उपयोगी नाही.

एक सोपी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे इथे राहत असताना मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. ते जरूर नोंदवा. मतदानाचा हक्क तर मिळतोच, शिवाय पत्त्याची खात्री पटल्याने एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या संस्थांकडची तुमची पत सुधारायला मदत होते. आणि ताबा मिळेपर्यंत नवी गाडी हप्त्यावर घेऊ नका, जमल्यास नोकरीही बदलू नका. मंजुरीनंतरही बँक पुन्हा तपासणी करू शकते.

व्याजदर दोन किंवा पाच वर्षांसाठी पक्का करतात. सप्टेंबर २०२२ च्या मिनी-बजेटनंतर दर अचानक चढले, ऑगस्ट २०२३ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर ५.२५ टक्क्यांवर गेला, आणि स्वस्त दराची मुदत संपलेल्या घरांचे हप्ते शेकडो पौंडांनी वाढले. म्हणून आजच्या हप्त्यावर घर परवडतंय का एवढंच पाहू नका. दर दोन टक्क्यांनी वाढला आणि दोघांपैकी एकाचा पगार काही महिने थांबला तर काय, हेही मांडून बघा. बँक जेवढं देते तेवढं सगळं घ्यायलाच हवं असं नाही.

तुमचं वय ४० च्या आत असेल आणि जगात कुठेही कधीच घर घेतलेलं नसेल, तर लाइफटाइम आयसा हे बचत खातं उघडा. वर्षाला ४ हजार पौंडांपर्यंत टाकता येतात, सरकार २५ टक्के भर घालतं. खातं निदान वर्षभर जुनं हवं आणि घर साडेचार लाखांच्या आतलं. खरेदी दूर असली तरी खातं थोड्या पैशांनी आजच सुरू करा, म्हणजे वर्ष मोजायला लागतं.

घर बघताना

एजंट विक्रेत्याचा माणूस असतो, कमिशन विक्रेता देतो. तो गोड बोलतो, मदतही करतो, पण तुमची कमाल मर्यादा त्याला सांगायची नसते. आजूबाजूची घरं खरोखर किती किमतीला गेली, ते एचएम लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत फुकट दिसतं. इथे किंमत खोल्यांवर बोलली जाते. क्षेत्रफळ विचारायला लाजू नका, नकाशावर लिहिलेलं असतं.

घर दोनदा पाहा, एकदा तरी पावसात किंवा संध्याकाळी. भिंतीच्या तळाशी ओल, कपाटामागे बुरशी, बॉयलरचं वय, छत. माळ्यावर किंवा मागे खोली वाढवली असेल तर कौन्सिलचं बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र आहे का, हे तिथेच विचारा; हाच एक कागद नंतर आठवडे खातो. पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून कळतो. वास्तुशास्त्र मानत असाल तर दिशा पहिल्या भेटीतच बघून घ्या. सर्व्हे झाल्यावर सासरहून दक्षिणमुखी दाराचा आक्षेप येणं, हे पैसे आणि मन दोन्ही वाया घालवणारं असतं.

फ्लॅट असेल तर तो बहुधा लीजहोल्ड असतो, म्हणजे ठरावीक वर्षांचा हक्क. लीज किती वर्षं उरली ते आधी विचारा. ८० वर्षांखाली गेलेली लीज वाढवणं महाग पडत आलं आहे, आणि फार कमी उरलेल्या लीजवर बँका कर्ज देत नाहीत. २०२४ मध्ये यावर नवा कायदा झाला, पण त्याचे भाग टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत; पुढे काहीतरी चांगलं होईल या भरवशावर आज घेऊ नका. सर्व्हिस चार्जचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा. आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स सभासद बैठकीत ठरवतात. इथे बहुधा जमीनमालकाची कंपनी आकडा पाठवते आणि तो दरवर्षी चढू शकतो. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. त्यानंतर उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची तपासणी सुरू झाली, आणि सदोष आवरणाच्या इमारतींमधले फ्लॅट विकणं वा त्यावर कर्ज मिळणं कठीण झालं. अशा इमारतीत घर बघत असाल तर ईडब्ल्यूएस१ फॉर्म (बाहेरच्या आवरणाच्या आगीच्या तपासणीचा) आणि दुरुस्तीची स्थिती विचारल्याशिवाय ऑफर देऊ नका.

ऑफर

ऑफर फोनवर सांगितली तरी मागोमाग ईमेल करा. त्यात किंमतीबरोबर तुमची बाजू लिहा: विकायचं घर नाही, कर्जाचं तत्त्वतः पत्र आहे, सॉलिसिटर ठरलेला आहे. मागे चेन, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या घरविक्रींची साखळी, नसलेला ग्राहक विक्रेत्याला दोन-तीन हजारांनी जास्त देणाऱ्यापेक्षा बरा वाटू शकतो, ही नव्याने आलेल्या भाडेकरूची मोठी ताकद आहे. एजंटने प्रत्येक ऑफर विक्रेत्याला कळवलीच पाहिजे असा नियम आहे. आमच्याच ब्रोकरकडून कर्ज घ्या, नाहीतर ऑफर पुढे जाणार नाही, असं कुणी सुचवलं तर ते चुकीचं आहे, लेखी विचारा.

मान्य झाली की एकच मागणी करा: घर बाजारातून काढा, नवी व्ह्यूइंग बंद. याने कायदेशीर हमी मिळत नाही, पण जास्त बोली लावून तुम्हाला बाजूला सारण्याची, म्हणजे गझम्पिंगची, शक्यता घटते.

सॉलिसिटर आणि सर्व्हे

सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर (घरखरेदीचं कायदेशीर काम करणारा) स्वस्तात स्वस्त शोधू नका. एका माणसाच्या टेबलावर किती फाइली आहेत, सुट्टीवर गेला तर कोण बघतं, सौदा मोडला तर फी किती, हे तीन प्रश्न विचारा. 'सौदा नाही तर फी नाही' अशी अट काही जण देतात, ती घ्यावी. सर्चचे, म्हणजे कौन्सिल वगैरेंकडून घराची माहिती मागवण्याचे, पैसे तरीही जातात.

बँकेचं मूल्यांकन हे बँकेसाठी असतं. घराची तब्येत कळायला स्वतःचा सर्व्हे हवा: साध्या, नव्या घराला लेव्हल २, व्हिक्टोरियन किंवा बदल केलेल्या घराला जास्त सखोल असा लेव्हल ३. अहवालात १, २, ३ असे शेरे असतात आणि ३ चा लाल रंग पाहून पोटात गोळा येतो. शंभर वर्षांच्या घरात चार-पाच ३ निघणं सर्वसाधारण आहे. सर्व्हेअरला फोन करा आणि विचारा: तुम्ही हे घर घेतलं असतं का, आणि पहिल्या वर्षात कशावर खर्च कराल? कागदावर सावध लिहिणारी माणसं फोनवर बरीच मोकळी बोलतात. पाया खचण्याची खूण, छत, ओल यांसाठी मिस्त्रीचा अंदाज घेऊन किंमत कमी करून मागणं रास्त आहे. बँकेने किंमत ऑफरपेक्षा कमी धरली, तर तोच आकडा दाखवून बोला.

मधले महिने

इथून पुढे तुमच्या हातात फार कमी उरतं. कौन्सिलचे सर्च, पाणी आणि सांडपाण्याचे सर्च, पर्यावरणाचे सर्च येत राहतात. विक्रेता घराची माहिती देणारा टीए६ फॉर्म भरतो, तुमचा सॉलिसिटर त्यावर प्रश्न पाठवतो, उत्तरं अर्धवट येतात, पुन्हा प्रश्न जातात. यातला टीए६ तुम्ही स्वतः ओळ न् ओळ वाचा. शेजाऱ्याशी वाद, कुंपण कोणाचं, जॅपनीज नॉटवीड नावाची झपाट्याने पसरणारी वनस्पती आहे का, हे त्यात असतं, आणि घर डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही आहात, सॉलिसिटर नाही.

मग चेन. तुम्ही ज्याचं घर घेताय तो दुसरं घर घेतोय, तिथला माणूस तिसरं. सगळ्यांचं एक्सचेंज एकाच दिवशी व्हावं लागतं. तिसऱ्या घरातल्या जोडप्याचा घटस्फोट होतो, पाचव्याचं कर्ज नामंजूर होतं, आणि तुम्ही त्यांना कधी पाहिलेलंही नसताना तुमचं घर थांबतं. यात तुमचा दोष शोधू नका. चेन किती लांब आहे आणि कोणता दुवा मागे आहे, ही माहिती एजंटकडे मिळते. सॉलिसिटर फारसं सांगत नाही. माझ्या मते आठवड्यातून एक ठरलेला वार धरावा: त्या दिवशी सॉलिसिटरला क्रमांक घातलेल्या तीन-चार प्रश्नांचा ईमेल, एजंटला एक फोन. बाकीचे दिवस फाइलला हात लावायचा नाही. रोज ईमेल पाठवल्याने काम पुढे सरकत नाही, फक्त आपली संध्याकाळ जाते.

सौदा मोडला तर सर्व्हे, सर्च आणि सॉलिसिटरचं झालेलं काम मिळून हजार-दोन हजार पौंड सहज जातात. ही रक्कम सुरुवातीलाच वेगळी बाजूला ठेवा, गेली असं धरून. काही विमा कंपन्या सौदा मोडल्यास ठरावीक खर्च भरून देणारी पॉलिसी विकतात. ऑफर मान्य होताच घ्यावी लागते. आणि ऑफर देतानाच जोडीदाराबरोबर दोन आकडे लिहून ठेवा: यापेक्षा एक पौंड जास्त नाही, आणि या तारखेपर्यंत एक्सचेंज नाही तर दुसरी घरं बघायला सुरुवात. ऐन वेळी विक्रेता 'आणखी दहा हजार द्या' म्हणतो, तेव्हा तो कागद कामाला येतो. मॉर्गेजची ऑफर बहुधा सहा महिने टिकते, तीही तारीख तिथेच लिहा.

भारतातल्या घरच्यांना काय सांगायचं, हाही ताणाचा मोठा भाग आहे. तिकडे रोज एकच प्रश्न: 'काय झालं रे घराचं?' आई-वडिलांना सुरुवातीलाच नीट समजावा की इथे विसार शेवटी असतो आणि तोपर्यंत ठरलेलं काहीच नाही. वास्तुशांतीचा मुहूर्त, त्यांची विमानाची तिकिटं, फर्निचर, फेसबुकवरचा फोटो, सगळं एक्सचेंजनंतर. भाड्याच्या घराची नोटीसही एक्सचेंजनंतरच. १ मे २०२६ पासून इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरूने दोन महिन्यांची नोटीस द्यायची आहे, म्हणजे महिना-दोन महिने भाडं आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील. तेवढे पैसे धरून चला. त्या बदल्यात सौदा मोडला तरी डोक्यावर छप्पर राहतं.

दोनदा सौदा मोडलेली माणसं तिसऱ्या घरात आनंदाने राहताना मी पाहिली आहेत. मोडल्यावर आठवडाभर काही बघू नका. दुःख खरं असतं, कारण त्या घरात मुलीची खोली कुठली, देव्हारा कुठे, हे मनात ठरून गेलेलं असतं.

एक्सचेंज

सही करण्याआधी इतकं हातात हवं: मॉर्गेजची लेखी ऑफर, सर्चचे निकाल, प्रश्नांची उत्तरं, कम्प्लीशनची, म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घेण्याची, तारीख आणि घराच्या विम्याचा कोट. विमा एक्सचेंजच्या दिवसापासून सुरू करा, त्या क्षणापासून धोका सहसा तुमचा असतो. डिपॉझिट १० टक्के द्यायची रीत आहे. तुमच्याकडे ५ टक्केच असतील तर सॉलिसिटरला आधी सांगा, तो बोलून ठरवतो. यानंतर माघार घेतली तर ती रक्कम जाते.

दोघांच्या नावावर घेताना 'जॉइंट टेनंट्स' की 'टेनंट्स इन कॉमन' हे विचारतात. पहिल्यात एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचं होतं, दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असतो आणि मृत्युपत्राने देता येतो. एका बाजूच्या आई-वडिलांनी मोठी रक्कम दिली असेल तर यावर मोकळेपणाने बोला आणि हिस्से लिहून ठेवा. बोलायला अवघड वाटतं, पण त्याची वेळ हीच.

पैसे पाठवताना सावध राहा. सॉलिसिटरच्या नावाने 'आमचं खातं बदललं आहे' असा ईमेल पाठवून डिपॉझिट लुबाडण्याचे प्रकार होतात. खाते क्रमांक पहिल्या भेटीत लिहून घ्या, पाठवण्याआधी तुमच्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून वाचून दाखवा, आधी एक पौंड पाठवा, तो पोहोचल्याची खात्री करा, मग उरलेले.

कम्प्लीशन आणि त्यानंतर

ठरल्या दिवशी सॉलिसिटर उरलेली रक्कम पाठवतो, ती पोहोचली की एजंट किल्ल्या देतो. बहुतेकांना शुक्रवार हवा असतो. मी तरी मंगळवार-बुधवार सुचवेन, काही अडलं तर बँका आणि कचेऱ्या दुसऱ्या दिवशी उघड्या असतात. चेनमध्ये पैसे सरकत यायला दुपार होते, म्हणून ट्रकवाल्याला सकाळी सातची वेळ देऊ नका. मुहूर्त त्या दिवसाशी बांधू नका. आत जाताना कलश ठेवा, दूध उतू घाला, आणि वास्तुशांत पुढच्या महिन्यात सावकाश करा. होम करायचा असेल तर स्मोक अलार्म कुठे आहेत ते गुरुजी येण्याआधी बघून ठेवा, आणि फ्लॅट असेल तर इमारतीच्या व्यवस्थापकाला कळवा.

पहिल्या संध्याकाळी वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, बाहेरची कुलपं बदला, कौन्सिल टॅक्सचं खातं उघडा. पहिला हप्ता नेहमीपेक्षा मोठा येऊ शकतो, त्यात आधीच्या दिवसांचं व्याज असतं. स्टॅम्प ड्यूटीचं विवरण आणि पैसे कम्प्लीशनपासून १४ दिवसांत भरायचे असतात. सॉलिसिटर भरतो, पण पावती मागून घ्या. लँड रजिस्ट्रीवर नाव चढायला काही महिने लागू शकतात, त्याने तुमचा हक्क कमी होत नाही. नाव चढल्यावर रजिस्टरची प्रत उघडून नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. आपली मधली नावं आणि आडनावं इथे हमखास चुकतात, आणि अशी चूक लगेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं. तिथेच प्रॉपर्टी अलर्टची मोफत सेवा सुरू करा, म्हणजे तुमच्या घरावर कुणी काही अर्ज केला तर ईमेल येईल.